सदतीस पावलं

"मॅडम, तुमी धुऱ्यावरच थांबा. वावर मायं हाय, मीच मोजतो," मी म्हणालो, आणि ठोंबरे मॅडमनी मान डोलावली.

त्यांचा दोष इतकाच, की त्या हो म्हणाल्या. सकाळी गावाच्या पलीकडच्या शिवारात एक प्लॉट उरकून त्या माझ्या वावरात आल्या होत्या. सोयाबीनच्या वाळक्या शेंगांनी पायांवर ओरखडे उठले होते आणि एका चपलेचा अंगठा तुटला होता. आमच्यासारखी सहा गावं त्यांच्याकडे होती, कृषी सहायक त्या एकट्याच. सोबत विमा कंपनीचा एक माणूस होता, तो सावली शोधत होता. धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, गावातली आठ-दहा माणसं जमली होती. पंच म्हणून उकंडाकाका लठाड होते, माझे धुऱ्याला धुरा लागून असलेले शेजारी. त्यांच्या एका हातात बाभळीची खुंटी होती आणि दुसऱ्या हातात दगड.

मोजायला लागण्यापूर्वी मॅडमनी सगळ्यांना जवळ बोलावून समजावून सांगितलं होतं.

"हे बघा, ही पीक स्पर्धा नाही. हा पीक कापणी प्रयोग आहे. आपल्या महसूल मंडळात असे दहा प्लॉट आहेत. दहाही ठिकाणचं सोयाबीन कापून वजन करायचं आणि सरासरी काढायची. सरासरी सरकारनं ठरवलेल्या आकड्याच्या खाली आली, तर मंडळातल्या सगळ्या गावांना विमा मिळेल. वर गेली तर कुणालाच मिळणार नाही. म्हणून प्लॉट कुठं पडेल ते ना माझ्या हातात, ना तुमच्या. आकडा कागदावर ठरून आलाय. या कोपऱ्यापासून सदतीस पावलं सरळ, मग नऊ पावलं आत. तिथं खुंटी ठोकायची. जे पिकलं असेल ते कापायचं."

हे सगळं मी ऐकलं होतं. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला कधीच ठेवली नाही. कृषी पदविका घेतलेला माणूस मी, मला नाही कळणार तर कुणाला?

सदतीस हा आकडा ऐकला आणि मी मनातच कोपऱ्यापासून पावलं टाकून बघितली. माझ्या वावराच्या मधोमध एक चोपण पट्टा आहे. पाऊस असला की तिथं पाणी साचतं, नसला की माती तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी कडक होते. त्या वर्षी तिथलं सोयाबीन वीतभर वाढून बसलं होतं, शेंगा चपट्या, दाणे ज्वारीएवढे. मॅडमची सदतीस पावलं बरोबर त्या पट्ट्यात जाऊन पडत होती. आणि पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे, चहूकडे, माझं सोयाबीन कमरेला लागत होतं.

ते कमरेला लागेपर्यंत मी काय काय ऐकून घेतलं होतं ते सांगतो. कृषी खात्याकडून अनुदानावर एक पेरणी यंत्र गावात आलं होतं. चार तासं, म्हणजे ओळी, खाटेसारख्या उंच वाफ्यावर पेरायची, मग एक सरी मोकळी सोडायची. म्हणजे पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं, कमी झाला तर ओल धरून राहते. ते यंत्र वापरायला गावात कुणी तयार होईना. जमीन मोकळी सोडायची म्हणजे काय, येड लागलं काय? मी एकट्यानं वापरलं. झालं, सगळ्या गावाला विषय मिळाला. "दिग्यानं सोयाबीनले खाटा टाकल्या," असं पारावर म्हणायचे. "आता उशा आणाले वाशिमले जाते म्हणे." आमचे बाबासुद्धा त्यांना सामील. "झोपू द्या सोयाबीनले," ते म्हणायचे, "उठलं की कापू." मी वरवर हसायचो. आत मात्र प्रत्येक शब्द नीट घडी घालून ठेवत होतो.

मग ऑगस्टात पावसानं चोवीस दिवस तोंड दाखवलं नाही. ऐन फुलोऱ्याचे दिवस. माझी विहीर आटली. मी रोज वावरात जाऊन माना टाकलेलं सोयाबीन बघायचो आणि घरी कुणाशी बोलायचो नाही. अशात एक दिवस उकंडाकाका धुऱ्यावर येऊन उभे राहिले.

"तुयी इहीर आटली म्हणते लोकं."

"हो काका."

"माया इहिरीत हातभर पाणी हाय. मोटर दोन घंटे चालते, मंग दम टाकते. तू तुया वावरात सोड."

"अन् तुमच्या सोयाबीनचं काय?"

"मायं मुरमाड बरडावर हाय बाप्पा. फुलं झडून गेले. आता त्याले गंगा आणून घातली तरी शेंग धरत नाही." त्यांनी तंबाखू मळली. "मायं विम्यात निघन. औंदा हप्ता भरून ठेवला ना. तुयं तरी पिकू दे. दोन वावरातलं एक तरी घरात आलं पायजे."

काकांची मुलगी कल्याणी त्या वर्षी बारावीला होती. पुढच्या साली तिला अकोल्याला नर्सिंगला घालायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि होस्टेलचं सगळं विम्याच्या भरवशावर होतं. हे त्यांनी मला विहिरीच्या काठावर सांगितलं, मोटरचं बटण दाबता दाबता, सहज.

नऊ दिवस त्यांच्या विहिरीचं पाणी माझ्या वावरात तुषारातून उडत होतं. तुषार संचाचे पाइप एकट्यानं हलत नाहीत. सकाळी कॉलेजला जायच्या आधी कल्याणी येऊन दुसरं टोक धरायची. चिखलानं पाय माखायचे, ती ते आमच्याच सरीत धुवायची.

"दादा, सोयाबीन चांगलं झालं तं मले ॲप्रन घेऊन द्याचं बरं," ती म्हणायची. "पांढरं. पहिल्या वर्षाचं."

"एक काय, दोन घेऊन देतो," मी म्हणायचो.

तर त्या कोपऱ्यावर मी उभा होतो आणि सदतीस पावलं मोजायची होती. मॅडमची पावलं लहान, कागदाचा हिशोब त्यांच्याच पावलांचा. वावराची लांबीही त्यांनीच स्वतःच्या पावलांनी मोजून घेतली होती. तेव्हा मला त्यांच्याइतकंच पाऊल टाकायचं होतं, हे मॅडमनी सांगितलंसुद्धा. "माझ्याएवढंच टाका बरं का." मी हो म्हणालो. पहिली दहा पावलं मी तशीच टाकली. धुऱ्यावर माणसं मोठ्यानं मोजत होती, अकरा, बारा, तेरा. कुणीतरी म्हणालं, "खाटीवर चढला रे दिग्या." माणसं हसली. बाबाही हसले.

तिथून माझी पावलं लांब पडायला लागली. पडायला लागली म्हणणंही खोटंच आहे. मी ती टाकली. पंधरा, सोळा, सतरा. कमरेएवढ्या पिकात पाय दिसत नाहीत, डोकं तेवढं दिसतं. चोपण पट्टा आला, तिथं मात्र झाडं वीतभरच होती. तिथं मी खाली बघत, वाट काढत चालल्यासारखं केलं आणि चांगल्या ढांगा टाकत पार झालो. छत्तीस, सदतीस. पट्टा मागं राहिला. आत नऊ पावलं गेलो. समोर माझं सगळ्यात चांगलं सोयाबीन उभं होतं, शेंगांनी वाकलेलं.

मनात एकच होतं. चोपणावरचं वजन माझ्या नावावर कागदात चढता कामा नये. सगळं गाव बघत असताना तर नाहीच. दहा प्लॉटांतला एक प्लॉट, त्यानं असा काय फरक पडतो, असंही मी मनाला सांगितलं. मन लगेच कबूल झालं, त्याला तेच हवं होतं.

"सदतीस?" मॅडमनी धुऱ्यावरून विचारलं.

"सदतीस."

उकंडाकाका खुंटी घेऊन माझ्यापर्यंत आले. ते वाकले, खुंटी जमिनीला टेकवली, दगड उचलला आणि जरासे थांबले. मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"दिगू, बरोबर मोजलं ना रे?"

"हो काका."

त्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं आणि खुंटी ठोकली. मला वाटलं, पंचाचं काम आहे, विचारणारच.

मग फीत धरून दहा मीटर बाय पाच मीटर आखलं. चार बायांनी कापलं, ताडपत्रीवर काठ्यांनी झोडलं, उफणलं आणि पोत्यात भरून काट्याला लावलं. नऊ किलो सहाशे ग्रॅम भरलं. सकाळच्या प्लॉटला तीनसुद्धा भरलं नव्हतं. कंपनीच्या माणसानं दोनदा काटा तपासला. मॅडमच्या चेहऱ्यावर थकव्यातूनही हसू आलं.

"दिगांबर, तालुक्यात एवढं कुणाचंच नाही."

 पारावर खाटांवरून हसणाऱ्यांतला एक जण पुढच्या वर्षी यंत्र कसं मागवायचं ते विचारायला लागला. बाबांनी मूठभर दाणे घेतले, तळहातावर पसरले, फुंकर मारली आणि म्हणाले, "उठलं की रे सोयाबीन." त्या एका वाक्यासाठी मी पेरणीपासून थांबलो होतो. काकांनी पंच म्हणून कागदावर सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत, आणि आपल्या वावराकडे निघून गेले. त्या दिवशी मी खूष होतो. हे लिहिताना हात आखडतो, पण होतो.

यादी मे महिन्यात लागली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर विमा मंजूर झालेल्या मंडळांची नावं डकवली होती. नाल्याच्या पलीकडचं मंडळ होतं, आमचं नव्हतं. आमच्या मंडळात तेवीस गावं. मी ती यादी तीनदा वरून खाली वाचली. तेवढ्यात ठोंबरे मॅडम तिथं आल्या. लोक त्यांना घेरून विचारत होते, त्या प्रत्येकाला तेच सांगत होत्या. गर्दी पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या,

"हेक्टरी अठरा किलोनं हुकलं हो. नऊ प्लॉट वाईटच होते. तुमचा एक वर गेला."

मी यादी चौथ्यांदा वाचायला लागलो.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "चांगलं पिकवणं हा काही गुन्हा नाही."

तेव्हा सांगता आलं असतं. कागद निघून गेला होता, निकाल लागला होता, पण सांगता आलं असतं. निदान अर्ज करता आला असता, फेरतपासणी मागता आली असती, निदान कुणीतरी माझ्या तोंडावर थुंकलं असतं. मॅडम माझी समजूत काढत होत्या आणि मी ती काढून घेत होतो. घरी येऊन कागदावर मांडून बघितलं. चोपण पट्ट्यावरचं खरं वजन धरलं असतं तर सरासरी बरीच खाली आली असती. पुन्हा मांडलं. उत्तर तेच आलं. कागद चुलीत घातला.

जुलैच्या पहिल्या तारखेला, कृषी दिनाला, तालुक्याच्या ठिकाणी माझा सत्कार झाला. प्रगतशील शेतकरी. शाल, प्रमाणपत्र, फोटो. गावात परत आलो तर दारात उकंडाकाका बसलेले, हातात नारळ आणि दुपट्टा.

"मायं पाणी वाया नाही गेलं म्हणाचं," ते म्हणाले आणि दुपट्टा माझ्या गळ्यात घातला.

मी त्यांच्या पाया पडलो. लोकांना ते संस्कार वाटले. मला उभं राहवत नव्हतं म्हणून वाकलो होतो.

कल्याणी अकोल्याला गेली नाही. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात दिग्रसकडे तिचं लग्न झालं. मी मांडव घालण्यापासून पंगत वाढण्यापर्यंत राबलो. एवढा राबलो, की कल्याणीची आई, शेवंताकाकू, चारचौघांत म्हणाल्या, सख्खा भाऊ करणार नाही एवढं दिगूनं केलं. मी आहेरात मिक्सर दिला. निघताना कल्याणी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्यापाशी आली, डोळे पुसले आणि जरा हसून म्हणाली,

"दादा, ॲप्रन राह्यलंच."

तिच्या मनात काही नव्हतं. चेष्टाच होती ती. तेव्हापासून दवाखान्यात पांढरा कोट घातलेली पोरगी दिसली की मी दुसरीकडे बघतो.

त्यानंतर गावात बरंच बदललं. खाटा आता सगळेच टाकतात, खाटा टाकायला मीच शिकवतो. लोक मला विचारायला येतात, मी सांगतो. ठोंबरे मॅडमची बदली झाली, त्यांच्या जागी नवे कृषी सहायक आले. मोबाइलवर ॲप आलं, प्लॉटचा फोटो तिथल्या तिथं वर जातो. पावलं मात्र अजून पायांनीच मोजतात.

मागच्या दसऱ्याच्या सुमाराला कापणी प्रयोग पुन्हा आमच्या गावात आला. गट नंबर निघाला उकंडाकाकांचा. काका आता सत्तरीच्या पुढे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या वर्षीही पावसानं खंड दिला होता. काकांचं बरडावरचं वावर नेहमीसारखंच जळालं होतं. फक्त विहिरीच्या आसपास पाझरानं ओल राहते, तिथं दहा-बारा तासं कमरेएवढी, शेंगांनी भरून उभी होती. दुरूनही ती वेगळी दिसायची.

कृषी सहायक मोबाइलमध्ये डोकं घालून उभे होते, रेंज येत नव्हती. त्यांनी आकडे सांगितले. बावीस पावलं सरळ, अठरा आत. काकांनी मला हाक मारली.

"दिगू, तू मोज. माया पायात आता दम नाही."

"काका, साहेब मोजतीन ना."

"साह्यबाले फोन पाहू दे. तू मोज." ते काठी टेकत माझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत आले. बाकीची माणसं लांब होती. काका खाली बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बेतानं टाकजो. त्या साली लांब पडले होते."

पहिल्या पावलासाठी उचललेला पाय मी पुन्हा खाली ठेवला. 

"काका, तुमाले माहीत होतं?"

"खुंटी मीच ठोकली ना."

"मंग बोलले काऊन नाही?"

"इचारलं ना तुले. बरोबर मोजलं ना म्हून. तू हो म्हटलं." त्यांनी काठीनं ढेकूळ बाजूला सारलं. "मायाकून निघालं असतं, तं तू गावात राह्यला नसता. तुयाकून निघाले पायजे होतं. मी वाट पाहिली बाप्पा. खुंटी ठोकतानी पाहिली. यादी लागली तवा पाहिली. नारळ घेऊन आलो तवाबी वाटलं, आज बोलन."

"अन् कल्याणी..."

"तिचं नाव नको घेऊ," काका म्हणाले. रागानं नाही. जरा घाईनं, दुखऱ्या जागेवर कुणी बोट ठेवायच्या आत हात आडवा करतात तसं. "चाल. साहेब वाट पाहून राह्यले."

मला रडू येत होतं आणि ते आलं असतं तर मला हलकं वाटलं असतं, म्हणूनच मी ते येऊ दिलं नाही. मी मोजायला लागलो. साहेबांनी आधी वावर मोजलं होतं तेवढंच पाऊल, ना लांब ना आखूड. मोठ्यानं मोजलं. बावीस सरळ झाली. मग आत वळलो. दहाव्या पावलाला लक्षात आलं, आकडा विहिरीकडे चालला आहे. पंधराव्याला पायाखाली ओल लागली. सतराव्या पावलाला मी थांबलो. एवढी सतरा पावलं जरा आखूड पडली असती, तर खुंटी जळालेल्या पिकात बसली असती. धुऱ्यावरून कुणाला काही दिसलं नसतं. काकांचं एक वर्ष तरी मला परत देता आलं असतं. मी मागं वळून त्यांच्याकडे बघितलं. ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

मी अठरावं पाऊल टाकलं. भरल्या सोयाबीनमध्ये, शेंगांनी वाकलेल्या.

काका हळूहळू चालत माझ्यापर्यंत आले. खुंटी आणि दगड त्यांनी आपल्याच खांद्याच्या पिशवीत ठेवले होते, दुसऱ्या कुणाला घेऊ दिले नव्हते. मी दगड घ्यायला हात पुढं केला, त्यांनी दिला नाही. सभोवारचं चांगलं पीक त्यांनी एकदा बघून घेतलं.

"इथंच?"

"इथंच, काका."

त्यांनी गुडघा टेकला, खुंटी जमिनीला लावली आणि ठोकायला लागले. या वेळी त्यांचा हात थांबला नाही.